पहिल्या सहा महिन्यांचा खर्च कोणाचा?



पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, पाण्याचा घोटसुद्धा नको, ही शिफारस जागतिक आरोग्य परिषदेने 2001 साली स्वीकारली. तेव्हापासून आपण बालरोगतज्ज्ञ, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या ती प्रत्येक बाळंतिणीला सांगत आलो आहोत, आणि सांगण्याला फळही आले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2015-16 मध्ये निव्वळ स्तनपानाचे प्रमाण देशात 54.9 टक्के होते. 2019-21 मध्ये ते 63.7 टक्के झाले. पण हा आकडा जपून वाचायला हवा. सहा महिन्यांखालच्या बाळांना आदल्या दिवसरात्रीत काय दिले, एवढेच या पाहणीत विचारतात. त्यात पंधरा दिवसांचे बाळ येते, तसे साडेपाच महिन्यांचेही येते. तेव्हा शंभरातली चौसष्ट बाळे सहा महिने पूर्ण करतात, असा याचा अर्थ नाही. वय वाढते तसे प्रमाण घसरत जाते. घुटी, उन्हाळ्यात चमच्याने पाजलेले पाणी, ‘दूध पुरत नाही’ ही घरातल्यांची भीती, ही कारणे आपल्या ओळखीची आहेत आणि समुपदेशनाने ती दूर होऊ शकतात. कामावर जाणाऱ्या आईच्या बाबतीत मात्र आणखी एक कारण असते, ज्याला आपले समुपदेशन स्पर्शही करू शकत नाही. तिच्या दिवसावर तिचा ताबा नसतो. गेली कित्येक वर्षे आपण योग्य गोष्ट सांगत आहोत, पण जिच्या हातात फारसे काही नाही तिलाच सांगत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दूध तयार होण्याची रीतच अशी आहे की वेळेला पर्याय नाही. बाळ ओढते तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन स्रवतात. पहिल्याने दूध बनते, दुसऱ्याने ते उतरते. स्तन तासन् तास भरलेले राहिले की दुधाची निर्मिती मंदावते. सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या आईचे दूध काही आठवड्यांत आटू लागते, त्यात तिच्या मायेची कसूर नसते. ती आपल्याकडे येते तेव्हा आपण आहार विचारतो, शतावरी लिहून देतो, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतो. तिच्या कामाचे तास किती आणि मधली सुट्टी केव्हा, हे आपल्या केसपेपरावर कुठेही नसते.

कायदा आहे, असे यावर कोणी म्हणेल. 2017 च्या दुरुस्तीने 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातली पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली, आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. ही मोठी गोष्ट आहे, तिचे मोल कमी करू नये. पण हिशोब मांडून पाहा. 26 आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने, आणि तेही बाळंतपणाच्या दिवसापर्यंत काम केले तर. प्रसूतीआधी चार आठवडे विश्रांती घेतली की मागे पाच महिने उरतात. कायद्याने दिलेले आठ आठवडे आधी घेतले तर जेमतेम चार. म्हणजे ज्या काळात प्रमाण घसरते, त्याच काळात रजाही संपते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावे, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन जादा विराम मिळावेत, असेही कायदा म्हणतो. पाळणाघर कामाच्या जागेपासून लांब असेल तर हे विराम कागदावरच राहतात. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले, ते चांगलेच झाले. त्यातून आडोसा मिळतो. वेळ मात्र मिळत नाही.

आणि हा सगळा कायदा आस्थापनेत नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी आहे. आपल्याकडे काम करणाऱ्या दहातल्या सुमारे नऊ स्त्रिया असंघटित क्षेत्रात आहेत. बीडहून ऊसतोडीला निघालेले जोडपे मुकादमाच्या वहीत एक ‘कोयता’ असते. उचल दोघांच्या नावावर, आणि खाडा झाला तर भुर्दंडही दोघांवर. अशा आईचे बाळ फडाच्या कडेला झोळीत असते. ते जवळ आहे, म्हणून ती पाजू शकते असे मानणे ही आपली चूक आहे, कारण मोळ्या बांधताना थांबायची मुभा तिला नाही. तिला काय मिळते? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान 6000 रुपयांचे वचन दिले; 2017 च्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ते 5000 झाले. सहा महिन्यांवर वाटले तर दिवसाला 28 रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यावर मजुरी सोडून घरी बस, असे आपण तिला कोणत्या तोंडाने सांगावे?

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मालकांचा आहे, आणि तो खोटा नाही. रजेचा पूर्ण पगार मालकानेच द्यायचा असेल, तर लहान उद्योग तरुण विवाहित बाईला कामावरच घेणार नाही. कामगार राज्य विमा योजनेत येणाऱ्या स्त्रिया सोडल्या, तर आपल्याकडची रचना नेमकी अशीच आहे. पण यावर रजा कमी करणे हा उपाय नव्हे. तिचा पैसा कुठून यावा, हे बदलायला हवे. मुंबई कायदेमंडळात 1928 साली गिरणी कामगार स्त्रियांच्या मातृत्व लाभाचे विधेयक चर्चेला आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच मांडणी केली होती. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असे ते म्हणाले. गिरणगावात कामावर जाताना बाळाला अफूची बाळगोळी चाटवून निजवण्याचा तो काळ. 1929 चा मुंबई कायदा झाला, पण बोजा मालकावरच राहिला. पुढे 2000 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 183 व्या करारानेही हा खर्च सामाजिक विमा किंवा सार्वजनिक निधीतून यावा असे म्हटले. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही. मालक, सरकार आणि थोडा वाटा कामगार पुरुषांचाही, असा निधी उभा राहिला, तर बाईला कामावर घेणे कोणालाच महाग पडणार नाही.

दुसरा आक्षेप असा की दूध काढून ठेवता येते, मग रजेचा आग्रह कशाला? काढून ठेवता येते, आणि हाताने दूध काढण्याचे तंत्र आपण प्रत्येक आईला शिकवलेच पाहिजे. पण ते साध्या तापमानाला साधारण चार तास टिकते, फ्रीजमध्ये चार दिवस. कडी लागणारी स्वच्छ खोली, हात धुवायला पाणी, फ्रीज आणि वीस मिनिटे ज्या स्त्रीला मिळतात, तिच्यासाठी ही सोय आहे. बांधकामावर घमेली वाहणारीसाठी ती नाही. तिसरा आक्षेप काही मैत्रिणींचा असतो: स्तनपानाच्या आग्रहाने बाई पुन्हा घरात अडकते, आणि वरचे दूध देणारीला अपराधी वाटू लागते. त्यांच्या चिंतेत तथ्य आहे. जिचे दूध काही कारणाने आटले किंवा जिने पूर्ण विचाराने डब्याचे दूध निवडले, तिला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र रजा नाही, पाळणाघर नाही, खाडा परवडत नाही म्हणून आणलेल्या डब्याला निवड म्हणता येणार नाही.

सुरुवात आपल्याच घरातून करावी लागेल. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नेमणुकीचा करार संपला तरी कंत्राटी स्त्रीला मातृत्व लाभ पूर्ण मिळाला पाहिजे. ते प्रकरण एका कंत्राटी डॉक्टरचे होते. प्रसूतिकक्षात आयांना निव्वळ स्तनपान शिकवणाऱ्या किती परिचारिका अकरा महिन्यांच्या करारावर आहेत आणि त्यांच्या बाळांसाठी पाळणाघर कुठे आहे, याची पाहणी प्रत्येक सदस्याने आपापल्या रुग्णालयात करावी आणि पुढच्या अधिवेशनापूर्वी ती कार्यकारिणीकडे लेखी द्यावी, असा ठराव मी आज खुल्या सत्रात मांडत आहे.