शरीरातील रस आणि मनाचे व्यापार

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेले भाषण)



ताप शरीराला येतो आणि उदासी मनाला, असे आपण सहज मानतो. परंतु शरीर स्वतःच निर्माण करीत असलेली काही द्रव्ये या दोहोंवरही सत्ता गाजवितात. त्यांपैकी एकाविषयी आज आम्ही बोलणार आहोत. ते म्हणजे थायरॉक्सिन.

गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. आहारातील आयोडीन घेऊन ती हे संप्रेरक तयार करते. ते कमी पडले की माणूस मंदावतो. थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी पडते, बद्धकोष्ठता जडते; त्याबरोबर विसराळूपणा, निरुत्साह आणि उदासीही येते. क्वचित भास आणि भ्रमही होतात. इंग्लंडमधील डॉ. रिचर्ड ॲशर यांनी १९४९ साली अशा १४ रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. ग्रंथीच्या अर्काने त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्ण पूर्ण बरे झाले. उलट हे संप्रेरक प्रमाणाबाहेर वाढल्यास चिडचिड, धडधड आणि निद्रानाश मागे लागतो.

हा विकार स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. खेड्यापाड्यांत अशी स्त्री 'आळशी' ठरते, बोलणी खाते, कधी अंगारे-धुपारे सोसते. दोष तिच्या स्वभावाचा नसून ग्रंथीचा असू शकतो, हे एका साध्या रक्ततपासणीने कळते. अर्थात प्रत्येक उदासी थायरॉईडची नसते. तपासणी निर्दोष आली तरी मनाच्या आजारावर उपचार हवेतच.

याहून गंभीर प्रश्न नवजात बालकांचा आहे. पहिल्या काही महिन्यांत गर्भ सर्वस्वी मातेच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असतो आणि त्यावरच त्याच्या मेंदूची घडण होते. भारतात साधारण हजार ते बाराशे बालकांमागे एक बालक या संप्रेरकाच्या कमतरतेसह जन्मते. जन्मतः ते बहुधा निरोगीच दिसते. दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू झाली, तर त्याची बुद्धी इतर मुलांप्रमाणे वाढू शकते. कित्येक महिने गेले, तर झालेली हानी सहसा भरून येत नाही. टाचेतून घेतलेले रक्ताचे चार थेंब आणि रोजची अल्पमोली गोळी एवढ्यावर एक आयुष्य अवलंबून असते.

आयोडीनचा पुरवठा तर स्वयंपाकघरातच होतो. मानवी आहारासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावरील बंदी सन २००० मध्ये उठविण्यात आली होती. मे २००६ मध्ये ती देशभर पुन्हा लागू झाली. तरीही खडे मीठ स्वस्त म्हणून घेतले जाते, किंवा मिठाचा डबा चुलीशेजारी उघडा राहतो आणि आयोडीन उडून जाते. मीठ झाकून ठेवावे आणि शक्यतो स्वयंपाकाच्या शेवटी घालावे.

हे ज्ञान घरोघरी कसे पोहोचवावे, याचा धडा आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्याने, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरने, घालून दिला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे कार्य आरंभिले आणि गावातीलच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. १९७९ साली या दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शेजारणीने सांगितलेली गोष्ट घरात पटते, हे त्या सेविकांनी सिद्ध केले.

आप्तजनांना आमची विनंती अशी, की गोळी सकाळी उपाशीपोटी द्यावी, चहा अर्ध्या तासाने द्यावा आणि बरे वाटू लागले म्हणून ती परस्पर बंद करू नये. गर्भवतीची तपासणी पहिल्या तिमाहीतच करून घ्यावी. देणगीदारांस निवेदन असे, की इमारतीवर नाव कोरले जाते, ते सर्वांस दिसते. टाचेच्या त्या चार थेंबांवर कोणाचेच नाव नसते. तथापि त्या दानामुळे एखादे मूल शाळेत जाऊन आपले नाव स्वतः लिहू शकते. त्या पुण्याईत आपण सहभागी व्हावे, ही प्रार्थना.