हळदीची करामत आणि भगताची करामत

(चंपाषष्ठीच्या जत्रेंत शाळेच्या पटांगणावर एका शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



आज तुम्हां सर्वांच्या कपाळाला भंडारा आहे, माझ्याहि आहे. तेव्हां हा मास्तर हळदीची निंदा करावयास उभा राहिला असा कोणीं समज करून घेऊं नये. हळद आपली आहे. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास गड्डे लावावयाचे, आठनऊ महिने खतपाणी करावयाचें, माघ-फाल्गुनांत कुदळीनें कंद काढावयाचे, काहिलींत शिजवावयाचे, पंधरवडाभर उन्हांत वाळवावयाचे. आणि एवढें करून पांच मण ओल्या हळदीचीं मणभरच हळकुंडें हातीं लागावयाचीं. सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें ह्या घामाला मिळालें असें मी समजतों.

हळदीवांचून आपलें एकहि कार्य होत नाहीं. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला जाते, कंकणांत हळकुंड, जात्यामुसळाला हळकुंड, देवाला तर हळदच हळद. लेंकराचा गुडघा फुटला कीं आई आधीं चिमूटभर हळद दाबते. ह्यांत अडाणीपणा मुळींच नाहीं. १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळदीनें जखम भरते हा जणूं आपलाच शोध, असें पेटंट मिळालें होतें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें हरकत घेतली, जुने ग्रंथ आणि लेख पुराव्यादाखल पुढें केले, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. परिषदेचे प्रमुख तेव्हां डॉ. रघुनाथ माशेलकर होते. लहानपणींच बाप गेलेला आणि आईनें मोलाचीं कामें करून शिकविलेला हा मुलगा. तुमच्या आजीची चिमूट परदेशच्या कचेरींत खरी ठरली ती अशी.

परंतु अर्ध्या हळकुंडानें पिवळें होऊं नये. हळदींत कर्क्युमिन नांवाचें पिवळें द्रव्य असतें. प्रयोगशाळेंत तें सूज उतरवितें, कांहीं जंतूंना आवरतें असें दिसतें. पण पोटांत घेतलें तर फारच थोडें रक्तांत उतरतें. खरचटलें, घसा धरला, तर हळदीनें बरें वाटेल. कुदळ लागून खोल जखम झाली तर धनुर्वाताची सुई घेतलीच पाहिजे. आणि सापाला हळद हें औषध नाहीं, नाहीं, नाहीं.

आतां हें ताट पाहा. ह्यांत पाण्यांत कालविलेली हळद आहे. मी हाताला पानाच्या डबींतला चुना लावला आणि हात बुडविला. पाहा, रक्तासारखें लाल झालें! मीं कोणता मंत्र म्हटला? कोणताहि नाहीं. आतां लिंबू पिळतों. झालें पुन्हां पिवळें. हळदीचा रंग चुन्यासारख्या क्षारानें तांबडा होतो, आंबटानें परत येतो. जुन्या काळीं हळदीचेंच कुंकू करीत तें ह्याच गुणावर. माझ्या मायबहिणींना तर हें नवें नाहींच. हळदीच्या डागाला साबण लावला कीं डाग लाल होतो, हें कोणत्या बाईनें पाहिलें नाहीं? जें तुम्हीं धुण्याच्या दगडावर फुकट पाहतां, तेंच भगत अंवसेच्या रात्रीं दाखवितो आणि नारळ, कोंबडें व वर रोकड घेऊन जातो. हळद तुमची, चुना तुमचा, कोंबडेंहि तुमचेंच!

हंसूं नका. पुढची गोष्ट हंसण्यासारखी नाहीं.

मागें माझ्या सहावीच्या वर्गांत एक मुलगी होती. पावसाळ्याचे दिवस, पोर भुईवर निजलेली. पहांटे तिला मण्यार चावली. मण्यारीचा दंश मुंगी डसावी तसा. सूज नाहीं, फारसें दुखणेंहि नाहीं. म्हणून माणूस फसतो. मग पापण्या जड होतात, गिळतां येत नाहीं, आणि शेवटीं श्वास अडतो. घरच्यांनीं भगताला आणलें, मलाहि हांक मारली. त्यानें पायाला हळद चोळली, हात फिरविला, वरून पाणी ओतलें. पाणी लाल झालें. “विष उतरलें,” तो म्हणाला, आणि बायकांनीं हात जोडले.

मी तेथें उभा होतों. लाल पाण्याचें कारण मला ठाऊक होतें. महिन्यापूर्वीं मींच तो प्रयोग वर्गांत केला होता, आणि लिंबू पिळावयास त्याच मुलीला पुढें बोलाविलें होतें. पण भगत वयानें वडील, भावकी सगळी जमलेली, मी परगांवचा मास्तर. मीं तोंड उघडलें नाहीं. दीड तास गेला. पोरीनें मान टाकली तेव्हां कोणीं तरी मोटारसायकल काढली. दवाखाना येण्यापूर्वींच तिचा श्वास थांबला होता.

त्या भगताला मी शिव्या देत नाहीं. त्याचा बाप तेंच करी, आजा तेंच करी. मीं मात्र शिकून, पगार घेऊन, गप्प राहिलों. मुलीचा बाप आज येथें बसला आहे. त्याला विचारूनच मी हें बोललों.

हल्लीं ह्याला कायदा आहे. त्यासाठीं वर्षानुवर्षें झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत गोळ्या घालून खून झाला, आणि त्याच सालच्या डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा मंजूर केला. साप, विंचू, कुत्रें चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणें हा त्यांत गुन्हा आहे. पण फौजदार येईपर्यंत मण्यार थांबत नाहीं. म्हणून साप चावला तर दंशाच्या जागीं कापूं नका, तोंडानें चोखूं नका, दोरी करकचून आवळूं नका. माणसाला चालूं देऊं नका. हात किंवा पाय फळकुटाला सैल बांधून स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा, आणि गाडीला वेळ लागेल असें दिसलें तर मिळेल त्या वाहनानें निघा. विषावरची लस सरकारी दवाखान्यांत असते. निघतांना फोन करून विचारून घ्यावें. कोणीं मध्यें आडवा आला तर मला हांक मारा, रात्रीं दोन वाजतां मारा.

ताट, चुना, लिंबें मी येथेंच ठेवतों. पालखी गेल्यावर ज्याला स्वतःच्या हातानें करून पाहावयाचें असेल त्यानें यावें. पोरांनीं मात्र चुन्याचा हात डोळ्याला लावूं नये.