घराची सांगितलेली किंमत आणि आपली मागणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी मुलांच्या अभ्यासाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांला होते. यंदा चिटणीसांची परवानगी घेऊन आम्ही विषय बदलला आहे. गेल्या वर्षभरात आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण दांपत्ये घर घेण्याच्या विचारात आमच्याकडे येऊन गेली, आणि सर्वांचे गाऱ्हाणे एकच होते: घर मनात भरले, परंतु किंमत अवाच्या सवा सांगतात, आता काय करावे? आम्ही जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले निवृत्त शिक्षक. अर्थशास्त्र आम्हांस अवगत नाही. तथापि या प्रश्नाला लागणारे गणित त्रैराशिकाच्या पलीकडचे नाही, आणि या परीक्षेत आम्ही स्वतः एकदा सपशेल नापास झालो आहोत. तेव्हा बोलण्याचा थोडासा अधिकार आम्हांला पोहोचतो.

आपल्या मंडळींचा स्वभाव मोठा गमतीचा आहे. मंडईत मेथीच्या जुडीमागे पाच रुपये कमी व्हावेत म्हणून आपण भाजीवालीशी हुज्जत घालतो, आणि सत्तर लाखांच्या घरापुढे उभे राहिलो की तोंडाला कुलूप लागते. त्यातून विकणारा ज्ञातीतला निघाला, तर विचारूच नये. भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील उगाच म्हणत नसत. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून बैलांचे सौदे करणारी ती माणसे. किंमत कमी मागण्यात त्यांना कधी लाज वाटली नाही, आणि ज्याच्याकडे मागितली त्याला रागही आला नाही. घर घेणाऱ्याने सांगावयाच्या रकमेला आपल्या भाषेत ‘मागणी’ म्हणतात. मुलीला घालतात ती मागणीच. मागणी घालणाऱ्याला नकार मिळू शकतो. परंतु मागणी घातली एवढ्यावरून त्याला कोणी उद्धट म्हणत नाही. मात्र ती रीतीने घातलेली असावी, आणि आमची चूक नेमकी तेथेच झाली.

सन २०१९ मध्ये आमच्या धाकट्या चिरंजीवांसाठी आम्ही डोंबिवलीत एक घर पाहिले. घरमालक वयोवृद्ध, आपल्याच ज्ञातीतले, सुस्वभावी. त्यांनी अठ्ठावन्न लाख सांगितले. आम्हांला कोणी तरी शहाणपण शिकविले होते की, सुरुवात खूप खालून करावी. आम्ही बैठक मारून एकदम चाळीस म्हणालो. का चाळीस, हे आम्हांलाही सांगता आले नसते. ते गृहस्थ क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “गुरुजी, चहा घ्या.” त्यानंतर घराविषयी एक शब्दही निघाला नाही. पुढे तेच घर बावन्न लाखांना गेले, हे आम्ही नोंदणीच्या कागदात पाहिले. आधार दाखवून पन्नास मागितले असते, तर कदाचित ते आमचे झाले असते. घर गेल्याचे दुःख ओसरले. परंतु पुढे दोन वर्षे त्यांच्या घरच्या कोणत्याही कार्याचे आमंत्रण आम्हांला आले नाही, ते अधिक लागले.

हा नोंदणीचा कागद म्हणजे सूची क्रमांक दोन. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले की त्याची किंमत, क्षेत्रफळ आणि तारीख या सूचीत येते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक घालून ती शोधता येते. जाहिरातीत असते ती विकणाऱ्याची इच्छा. सूचीत असतो तो झालेला व्यवहार. त्याच इमारतीतील, निदान त्याच गल्लीतील, गेल्या वर्ष-दीड वर्षातील तीन-चार व्यवहार काढावेत आणि मगच तोंड उघडावे.

येथे क्षेत्रफळाची एक मेख आहे. कोणी सांगतो, “साडेसहाशे चौरस फूट, नव्वद लाख.” म्हणजे फुटाला सुमारे तेरा हजार आठशे. आपल्याला वाटते, ठीक आहे. परंतु या साडेसहाशेत जिना, उद्वाहन आणि बाहेरच्या भिंतीही मोजलेल्या असतात. आत प्रत्यक्ष वापरावयाचे चटई क्षेत्र साडेचारशे निघाले, तर दर फुटाला वीस हजार पडला. चटई क्षेत्राशी चटई क्षेत्रच ताडून पाहावे. आम्ही वर्गात मुलांना सांगत असू की, आधी परिमाण सारखे करा, मग उदाहरण सोडवा; ते येथे तंतोतंत लागू पडते.

किंमत फुगते कशाने, हेही समजून घ्यावे. शेजाऱ्याने आपले घर कितीला गेले हे सांगताना चार लाख वाढवून सांगितलेले असतात. कपाटे, ओटा, छताची नक्षी यांवर केलेला खर्च मालक पैन् पै धरतो. घेणारा ती नक्षी पहिल्याच महिन्यात काढून टाकतो. काही वेळा मालकाला विकण्याची निकडच नसते. मिळाले तर मिळाले, असा त्याचा भाव असतो. अशा ठिकाणी कितीही पुरावे दाखविले तरी उपयोग नाही. परंतु घर आठ-दहा महिने पडून असेल, किंवा मालकाने दुसरीकडे विसार दिलेला असेल, तर तोच मनुष्य निराळ्या कानांनी ऐकतो. घर का विकता, हे नम्रपणे विचारण्यात काहीच गैर नाही.

भिडेखातर अधिक पैसे दिले तर ते येतात कोठून? सामान्यतः बँक करारातील किंमत आणि तिच्या मूल्यमापकाने काढलेली किंमत यांपैकी कमी असेल ती धरते. तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तिच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते. ऐंशी लाखांत सौदा केला आणि मूल्यमापकाने सत्तर ठरविले, तर कर्ज छप्पन्न लाख. पदरचे सोळांऐवजी चोवीस लाख घालावे लागतात. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च निराळाच. हे आठ लाख मग आईच्या बांगड्यांतून आणि बहिणीच्या लग्नाच्या ठेवीतून निघतात. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. नावे घेत नाही.

उलट बाजूसही मर्यादा आहे. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याहून सौदा स्वस्त झाला, तरी मुद्रांक शुल्क तक्त्याप्रमाणेच भरावे लागते. आणि ही तफावत दहा टक्क्यांहून अधिक झाली, तर तो फरक घेणाऱ्याचे उत्पन्न मानून त्यावर आयकर लागू शकतो. “कागदावर कमी दाखवू, उरलेले रोख द्या,” असे कोणी म्हणाल्यास उठून यावे. १ जून २०१५ पासून अशा व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास कायद्याने मनाई आहे.

सन २०२२ मध्ये त्याच चिरंजीवांसाठी आम्ही दुसरे घर पाहिले. चटई क्षेत्र चारशे ऐंशी फूट, सांगितलेली किंमत बहात्तर लाख. म्हणजे फुटाला पंधरा हजार. त्याच इमारतीतील तीन सूच्या काढल्या. दर तेराच्या आसपास. घरी आमच्या सौ.नी दिनदर्शिकेच्या मागे ‘६५’ एवढाच आकडा लिहून ठेवला, आणि तो त्यांच्या संमतीवाचून बदलावयाचा नाही, असे ठरले. मग आम्ही मालकांना पत्र लिहिले: मागणी एकसष्ट लाख, सोबत तीन सूच्यांच्या प्रती आणि बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र, उत्तरासाठी एकवीस दिवस. कपाटे चांगली आहेत, त्यांचा एक लाख आम्ही यात धरला आहे, हेही नमूद केले. मुदत संपली, उत्तर नाही. चिरंजीव अधीर झाले, सूनबाई रुसल्या, आम्हांलाही झोप लागेना. सातव्या आठवड्यात मालकांचाच दूरध्वनी आला. ते सदुसष्टावर आले, आम्ही त्रेसष्टावर गेलो, आणि चौसष्टावर सौदा तुटला. त्यांनी आम्हांला पेढे दिले.

नव्या इमारतीची रीत थोडी वेगळी. तेथील बांधकाम व्यावसायिक दर सहसा उतरवीत नाही, कारण पुढचे गिऱ्हाईक तोच दर मागेल. तो गाडीची जागा देऊ करतो, मुद्रांकाचा भार उचलतो. या गोष्टींची रुपयांत किंमत करून वजा घालावी. आणि करारनामा नोंदल्याखेरीज दहा टक्क्यांहून अधिक रक्कम त्याला घेता येत नाही, हे स्मरणात असावे.

सन २०१९ मधले ते वृद्ध गृहस्थ आज या सभागृहात बसले आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या नातीला घर घ्यावयाचे होते, तेव्हा सूची कशी काढतात हे विचारण्यास ते आपण होऊन आमच्याकडे आले. आम्ही त्यांना प्रथम चहा दिला. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही मंडळाच्या कार्यालयात असतो. ज्यांना सूची पाहावयाची असेल, त्यांनी इमारतीचा सर्व्हे क्रमांक आणि घराचे चटई क्षेत्र लिहून आणावे. चष्मा आणि कागद-पेन्सिल आमच्याकडे आहेच.