कुत्रं बूड घासतंय?

घरचा पॉमेरेनियन नेमका पाहुण्यांसमोर फरशीवर बूड घासत सरकतो, आणि मूर्तिजापुरात कोणी तरी म्हणतंच, "जंत झाले असतीन, गोयी आना त्याले." जंत असूही शकतात. पण बरेचदा दुखणं गुदग्रंथींचं असतं.

गुदद्वाराभोवती घड्याळाची तबकडी कल्पा. चार आणि आठच्या आकड्यांपाशी, कातडीखाली दोन छोट्या पिशव्या असतात. घट्ट शौच होताना दाब पडून त्या रिकाम्या होतात. शौच सतत पातळ असलं, जनावर लठ्ठ असलं, की आतला स्राव तुंबतो. सडक्या मासळीसारखा वास येतो, पू होतो, गाठ येते, कधी ती फुटते. मांजरांत हे कमी. पण मांजर शेपटीखाली सारखं चाटत असेल तर तिथं बघा.

घरी पिळायला जाऊ नका. सुजलेली पिशवी आतल्या आत फुटू शकते, शिवाय चावा मिळेल तो वेगळाच! डॉक्टर हातमोजा घालून ती रिकामी करतात, पू असेल तर धुऊन औषध देतात. माणसाची पॅरासिटामॉल तर मुळीच नको. मांजराचा त्यात जीव जातो. रॉकेलही लावू नका. आधी गावातला पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. दुखणं पुनःपुन्हा उलटत असेल, तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळच आहे. एरवी वजन आटोक्यात ठेवा, आणि डॉक्टरांना विचारून जेवणात चमचाभर उकडलेला लाल भोपळा, बिनमिठाचा, कालवून द्या.