कचेरी घरी येते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दाखल्याकरिता कचेरीची पायरी चढले असेन तेवढीच. तेव्हा कचेरीतले साहेब आणि सहकारी ह्यांवर ही बाई काय बोलणार, असे तुम्हांस वाटेल. पण कचेरी सव्वासहाला सुटली तरी ती आमच्या घरी येते आणि ह्यांच्याबरोबर जेवायला बसते. तेवीस वर्षे मी तिला वाढते आहे.

आमच्या घरचे एका कचेरीत लिपिक आहेत. रोज बडनेऱ्याहून गाडीने अकोल्यास अपडाऊन करतात. मूर्तिजापूरपर्यंत उभ्याने प्रवास, आणि रात्री भाकरीबरोबर तीच गाऱ्हाणी. एकास साधे पत्र जमत नाही, म्हणून त्याचे टपाल ह्यांच्याकडे. दुसऱ्याची पिशवी खुर्चीला लटकलेली असते आणि तो स्वतः चहाच्या टपरीवर. तिसरी जागा रिकामीच, तिचा अतिरिक्त कार्यभारही ह्यांच्याकडे. माझ्या माहेरी शेतात चालत्या बैलालाच तुतारी टोचत, तसला हा प्रकार. मी म्हणत असे, "असू द्या, पगार मिळतो ना?" आज ते आठवले की माझी मलाच लाज वाटते.

साहेबांचे म्हणाल तर ते येतात आणि जातात. 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने एका जागेची मुदत साधारण तीन वर्षांची धरली आहे, पण पुष्कळांची त्याआधीच उचलबांगडी होते. विषय जरा कळू लागला की निरोपसमारंभ, हार, फोटो! नव्या साहेबाला काहीच ठाऊक नसते, आणि विचारायचा संकोच वाटतो. मग तो न वाचता सही करतो, नाहीतर कागद दाबून ठेवतो.

तसेच एकदा झाले. एक माहिती चुकीची वर गेली. तो कागद शेजारच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये अकरा दिवस पडून होता. बाराव्या दिवशी घाईने काहीतरी लिहून दिले, साहेबांनी सही केली, आणि कारणे दाखवा नोटीस आली ती ह्यांना. का, तर तो विषय कागदोपत्री ह्यांच्याकडे!

त्या रात्री हे जेवले नाहीत. चार पाने खुलासा लिहिला आणि माझ्यापुढे टाकला. कोण आळशी, कोण वशिल्याचा, कोणाला काय येत नाही, सगळे त्यात होते. मी दोनदा वाचले आणि म्हटले, "अहो, याच्यात राग लई हाये, पण तारीख एकबी नाही."

हे चिडले. "तुले काय समजते कचेरीतलं?" म्हणाले. खरेच होते ते. मग मीच विचारले, कागद आला की लिहिता कुठे? तेव्हा कार्यविवरण नोंदवही म्हणजे काय ते त्यांनी सांगितले. सहा गठ्ठ्यांची पद्धतही सांगितली: प्रलंबित प्रकरणे वेगळी, उत्तराची वाट पाहणारी वेगळी, ठरावीक काळाने पाठवायची वेगळी, स्थायी आदेश, अभिलेखात जायची आणि शेवटी नाश करायची. मला ते चटकन समजले. माझ्या फडताळात दुसरे काय असते? त्याच कायद्यात कोणतीही फाईल एका माणसाकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांहून अधिक राहू नये असेही आहे, हे मी त्या रात्री प्रथम ऐकले.

बोलता बोलता हे अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, लखीना साहेबांवर आले. 1980 च्या दशकात जिल्हाधिकारी असताना त्यांनी कचेरीतले कागद आणि बसण्याची व्यवस्था, दोन्ही नीट लावून घेतली. कचेऱ्यांत अजून 'लखीना पॅटर्न' म्हणतात. "असा साहेब एखादाच," हे म्हणाले, आणि कितीतरी वेळ गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी नोंदवहीतल्या तारखा उतरून आणल्या. चार पानांचे अर्धे पान झाले. त्यात कोणाविरुद्ध एक शब्द नव्हता. कागद केव्हा आला, कोणाकडे गेला, केव्हा परत आला, एवढेच. महिन्याने नोटीस दप्तरी दाखल झाली. शेजारच्यांना कोणी काही बोलले नाही. त्यांची पिशवी अजून खुर्चीलाच आहे.

आता एक कबुली. ह्यांची गाऱ्हाणी ऐकून त्या लोकांना मी मनात पुष्कळ शिव्या देत असे. पण आपल्या मंडळाची मी चार वर्षांपूर्वी खजिनदार झाले, तेव्हा मला जमाखर्च येत नव्हता. सांगायची लाज वाटली. वही एका भगिनीच्या घरी नेऊन ठेवी. ती बिचारी रात्री लिहून देई, खाली सही माझी. वार्षिक सभेत टाळ्याही मलाच. मीही चहाच्या टपरीवरच होते म्हणायची! दुसऱ्या वर्षी त्या बाईंनी वही परत केली आणि म्हणाल्या, "मी लिहून देणार नाही. बस माझ्याजवळ, आज तू लिही." मला राग आला होता. तीन महिने बोलले नाही. त्या इथेच समोर बसल्या आहेत, नाव घेतले तर रागावतील.

यंदाचा ताळेबंद मी स्वतः लिहिला आहे. मागच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात सतरा रुपयांचा फरक येतो आहे. कोणास सापडला तर घरी जाण्यापूर्वी मला सांगावे.