हौशी वैमानिकांचें उद्यांचें कार्य

विमान चालविण्याचा छंद म्हणजे श्रीमंतांचा विलास, अशी पुष्कळांची समजूत असते. पण हाच छंद लोकसेवेच्या कामीं कसा येतो, याचें उदाहरण अमेरिकेंतील ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ या संस्थेनें घालून दिलें आहे. तिची स्थापना १ डिसेंबर १९४१ रोजीं, पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या अवघे सहा दिवस आधीं झाली.

१९४२ सालीं जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजें बुडवीत होत्या आणि गस्तीसाठीं लष्कराजवळ विमानें अपुरीं होतीं. तेव्हां सामान्य नागरिकांनीं आपलीं लहान, एका इंजिनाचीं विमानें समुद्रावर नेलीं. इंजिन बंद पडलें तर खालीं पाणीच, हें ते जाणून होते. मार्च १९४२ पासून ऑगस्ट १९४३ पर्यंत ही गस्त चालली. कित्येक परतलेच नाहींत. युद्धकाळांतील या सेवेबद्दल अमेरिकन काँग्रेसनें २०१४ सालीं सुवर्णपदक दिलें, तोंवर त्यांतील बहुतेक हयात नव्हते.

युद्ध संपलें, पण काम संपलें नाहीं. १९४८ सालीं ही संस्था हवाई दलाची साहाय्यक संस्था ठरली. हरवलेल्या विमानांचा शोध घेणें, महापुरानंतर पाहणी करणें, बारा वर्षांच्या मुलामुलींपासून पुढें तरुणांना विमानविद्येची गोडी लावणें, हीं तिचीं नित्याचीं कामें झालीं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर खासगी विमानांना आकाश बंद असतांना, दुसऱ्याच दिवशीं न्यूयॉर्कमधील उद्ध्वस्त स्थळाचीं छायाचित्रें याच संस्थेच्या विमानांतून घेतलीं गेलीं.

आतां मात्र एक अवघड प्रश्न उभा आहे. अपघातग्रस्त विमानाची हांक उपग्रह ऐकतो. रडारच्या नोंदी आणि खिशांतील फोन हरवलेल्या माणसाचा ठाव सांगतात. ड्रोन माणसावांचून उडतो. मग खिडकींतून तासन् तास खालीं पाहणाऱ्या स्वयंसेवकाची गरज कोणाला?

माझ्या मतें गरज आहे, पण तिचें स्वरूप पालटलें आहे. उपग्रह जागा दाखवील. तेथें जाऊन जखमीला उचलणारे हात त्याला नाहींत. ड्रोन दरींत सहज उतरेल. पण विस्तीर्ण मुलूख एका दमांत पाहण्यास विमानच सोयीचें पडतें. या संस्थेचे स्वयंसेवक आज रडारच्या व फोनच्या नोंदी स्वतः तपासतात आणि ड्रोनही चालवितात. जेथें यंत्रानें काम भागतें, तेथें माणसाचा जीव धोक्यांत घालण्यांत पुरुषार्थ नाहीं.

येथेंच खरी कसोटी आहे. दुसऱ्याचा जीव वांचविण्याच्या उत्साहांत वाईट हवेंत झेप घेणारा वैमानिक पुष्कळदां स्वतःच शोधाचा विषय होतो. पगारी नोकराला वरिष्ठाचा हुकूम असतो. स्वयंसेवकाला त्याचें मन हुकूम करतें, आणि तो मोडणें अधिक कठीण. म्हणून ‘आज उड्डाण नको’ असें ठामपणें म्हणण्याची शिस्त त्याच्या अंगीं बाणली पाहिजे.

साधनें बदलतील, विमानांचे आकारही बदलतील. परंतु संकटाच्या वेळीं आपला वेळ व आपली विद्या न मागतां पुढें करणारा नागरिक कोणत्याही कारखान्यांत तयार होत नाहीं. तो शांततेच्या काळांत, शिक्षणानें आणि सरावानेंच घडवावा लागतो.