वाट लागली की वाटेला लागले?

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनाजवळच्या डोंगरात कचारगडची मोठी गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास तिथे गोंड समाजाची यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा चहूकडून माणसे येतात आणि एकाच पायवाटेवर अनेक भाषा कानी पडतात. आज या 'वाटे'विषयीच दोन शब्द बोलणार आहे.

पाहुणे निघाले की आपण म्हणतो, 'पाहुणे वाटेला लागले.' त्याऐवजी कुणी 'पाहुण्यांची वाट लागली' म्हटले तर? शब्द तेच, पण एवढासा प्रत्यय गळाला आणि पाहुण्यांवर संकट कोसळले! 'वाट पाहणे' निराळे, 'वाटेला जाणे' निराळे. मराठी घरातल्या मुलाला हे कुणी शिकवत नाही. ऐकून ऐकून ते कानात बसते.

आता इंग्रजी पाहा. 'ऑन द वे' म्हणजे येण्याच्या वाटेवर. 'इन द वे' म्हणजे वाटेत आडवे. 'बाय द वे' म्हणजे बोलता बोलता सहज आठवले म्हणून. गुहेकडे चढणारा यात्रेकरू 'ऑन द वे', आणि पायवाटेवर पडलेला धोंडा 'इन द वे'. मुलाखतीला निघालेला तरुण फोनवर म्हणतो, 'आय ॲम इन द वे.' 'मी वाटेत आहे' हे त्याच्या मनातले मराठी अगदी बरोबर असते. पण ऐकणाऱ्याला अर्थ लागतो, 'मी अडथळा आहे!'

म्हणजे ही चूक मतिमंदपणाची नव्हे. एका भाषेची रीत दुसरीत नेल्याची आहे. त्यात गोंडी बोलणाऱ्या मुलाचे ओझे दुप्पट. गोंडी द्राविडी कुळातली. शाळेतली मराठी त्याला नव्याने शिकायची, आणि २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजीही आहे. दोन्हीकडच्या 'वाटा' त्याला परक्याच. तो चुकला की वर्ग हसतो, आणि मूल तोंड मिटून घेते. खरे नुकसान इथे होते, चुकीने नव्हे.

उपाय साधा आहे. असे सारखे वाक्प्रचार फळ्यावर शेजारी शेजारी लिहून एकाच दिवशी पाठ करायला देऊ नयेत. दिसायला सारखे आणि अर्थाने जवळचे शब्द एकदम शिकवले तर गुंता वाढतो, असा इशारा भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००० सालीच दिला आहे. आज 'ऑन द वे' एवढेच घ्यावे, तेही पुऱ्या वाक्यात, प्रसंगासकट. ते अंगवळणी पडल्यावर, आठवड्याने, दुसरा घ्यावा.

आणि मूल चुकलेच, तर त्याला आधी वाक्य पुरे करू द्यावे. मग बरोबर वाक्य आपण सावकाश म्हणावे, आणि दुसऱ्या दिवशी तेच त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावे.